दगडावरचं पाचवं नाव

आईच्या फोडणीचा वास खाली घरमालकिणीच्या खोलीपर्यंत जातो, हे आम्हाला त्या घरात राहायला गेल्यावर तिसऱ्याच दिवशी कळलं. दारावर टकटक झाली तेव्हा आई हातातला झारा तसाच धरून बाबांकडे बघत राहिली. पुण्याहून निघताना मैत्रिणींनी तिला बजावलं होतं, जर्मन लोक वासावरून भांडतात, घर खाली करायला लावतात. बाबांनी दार उघडलं. बाहेर ऐंशीच्या घरातली, उंच, हाडकुळी म्हातारी उभी होती. निळा एप्रन, पायात लाकडी तळाच्या चपला. तिने नाक वर करून हवा हुंगली आणि विचारलं, "काय जळतंय?" बाबा गडबडीने माफी मागायला लागले. "वाईट नाही जळत," ती म्हणाली, "पण आहे काय ते?" आईला शब्द कळले नाहीत, पण प्रश्न कळला. ती आत गेली आणि मोहरीची बरणी घेऊन आली. म्हातारीने चार दाणे तळहातावर घेतले, एक चावला आणि मान हलवली. मग न विचारताच आत येऊन आमच्या स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर बसली. ह्या फ्राऊ एब्नर. आईने त्यांना पहिल्या महिन्यातच एब्नरआजी करून टाकलं.

गावाचं नाव मी लिहीत नाही. एर्लांगेनहून बसने चाळीस मिनिटं, एवढं पुरे. बाबा तिथल्या मोठ्या विजेच्या कंपनीत होते आणि शहरात घर मिळत नव्हतं म्हणून आम्ही इतक्या लांब आलो. मी तेरा वर्षांची होते. सहा महिन्यांत मला भाषा आली, त्या वयात येतेच. आईला आली नाही. पुण्याच्या शाळेत तिने बारा वर्षं मराठी शिकवलं होतं. वर्गात तिचा आवाज शेवटच्या बाकापर्यंत जायचा म्हणे. इथे ती दुकानात बोट दाखवून ब्रेड मागायची आणि घरी आल्यावर बराच वेळ कोट न काढता बसून राहायची. बाबा सकाळी सव्वासहाच्या बसने जायचे, मी सातच्या. मग दिवसभर तिच्याशी बोलायला दर पंधरा मिनिटांनी वाजणारी चर्चची घंटा. मला त्या घराचे आवाज अजून सगळे आठवतात. जिन्याची चौथी पायरी करकरायची, तळघरात हीटिंगचं मशीन घोरायचं, आणि संध्याकाळ झाली की एब्नरआजी खिडक्यांचे रोलाडेन, म्हणजे बाहेरून गुंडाळून खाली येणारे पडदे, एकेक करून ओढायच्या. घर्रर्र, घर्रर्र, असे सहा वेळा. सहावा झाला की आई म्हणायची, "चला, झाला दिवस."

एब्नरआजींनी लग्न केलं नव्हतं. भाऊ नाही, बहीण नाही. त्या घराण्यातल्या त्या शेवटच्या. त्यांची जर्मन शाळेतल्या जर्मनसारखी नव्हती. त्या भागातले लोक प चा ब करतात आणि त चा द, त्यामुळे माझी आई, प्रतिभा, त्यांच्या तोंडी 'ब्रदीबा' झाली आणि मी केतकीची 'केदगी'. दोघींना एकमेकींचं एक वाक्य कळत नव्हतं, तरी दुपारच्या दुपार त्या एकत्र असायच्या. आजींनी तिला क्लोझे, म्हणजे बटाट्याचे उकडलेले गोळे, शिकवले. कच्चे बटाटे किसायचे, फडक्यात घालून पिळायचे, पिळलेलं पाणी तसंच ठेवायचं आणि तळाशी बसलेला पांढरा साका परत त्या किसात मिसळायचा. तो साका बघून आईला इतका आनंद झाला की मी शाळेतून आल्या आल्या तिने मला हात धरून ओढत नेलं. "अगं, हा तर कुरडयांचा चीक! सांग त्यांना, आमच्याकडे गव्हाचा काढतात म्हणावं." मी सांगितलं. आजींनी चीक हा शब्द तीनदा म्हणून बघितला. आई मांस खात नाही म्हणून रविवारी त्या क्लोझेबरोबर आळंबीचा रस्सा वेगळा करायच्या. थालीपीठ खाली गेलं की ताटली रिकामी वर येत नसे. कधी मनुकांचा केक, कधी बागेतली पाच सफरचंदं. हे आईने त्यांना शिकवलं नव्हतं. त्यांना ते येत होतं.

स्मारक चर्चच्या मागे, लिंडेनच्या दोन झाडांखाली होतं. पुरुषभर उंचीचा तांबूस वालुकाश्म, भोवती लोखंडी साखळी, वर एक सिंह, ज्याचं नाक झिजून गेलं होतं, आणि खाली नऊ नावं. महायुद्धांची स्मारकं इथे प्रत्येक गावात आहेत. हे त्यांच्याही आधीचं. जर्मनी एक देश होण्यापूर्वी इथली राज्यं आपसात लढली, बव्हेरियाची माणसं प्रशियाच्या माणसांवर गोळ्या झाडत होती, त्या लढाईत गावातले जे नऊ जण गेले त्यांचं. इथे त्याला भावांचं युद्ध म्हणतात. मी घरी सांगितलं तेव्हा बाबा म्हणाले, "म्हणजे यादवी." आई म्हणाली, "म्हणजे भाऊबंदकी," आणि पोळी लाटत राहिली.

दर शनिवारी एब्नरआजी बादली, ब्रश आणि जुना टूथब्रश घेऊन तिथे जायच्या आणि अक्षरांत साठलेलं शेवाळ काढायच्या. गुडघे दुखायला लागले तेव्हा मी बादली उचलायला जाऊ लागले. पहिल्यांदा आईने पाठवलं म्हणून, नंतर मला आवडायचं म्हणून. त्या वरची नावं उभ्याने घासायच्या, खालची मी उकिडवं बसून. पाचव्या नावाला मात्र त्या मला हात लावू देत नसत. कोनराड एब्नर. एकवीस वर्षांचा. आजींच्या आजोबांचा मोठा भाऊ.

मी पंधरा वर्षांची असताना, ऑक्टोबरातल्या एका शनिवारी त्यांनी मला ते सांगितलं. दव इतकं होतं की दगड आपोआपच ओला झाला होता. त्या टूथब्रशने त्या नावातला 'ओ' कोरत होत्या आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "हा लढाईत पडला नाही."

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं.

"हा घरी आला होता. पळून. काय बघितलं तिथे कुणास ठाऊक, चालत चालत घरी आला. गोठ्यावरच्या गवतात अकरा दिवस होता. त्याची आई दुधाच्या भांड्यात लपवून त्याला भाकरी न्यायची. मग गावात दवंडी पिटली, पळून आलेल्याला जो लपवील त्याचं घर जाळू. बाराव्या दिवशी शिपाई आले आणि सरळ गोठ्यात गेले. इकडे तिकडे शोधलंसुद्धा नाही."

"कुणी सांगितलं त्यांना?"

ब्रश थांबला नाही. "माझ्या आजोबांनी. सोळा वर्षांचे होते. आपणहून गेले की बापाने पाठवलं, ते कधी बोलले नाहीत. ओढ्यापलीकडच्या कुरणात त्याला उभा केला आणि गोळी घातली. पुढे बऱ्याच वर्षांनी हे स्मारक उभं राहिलं तेव्हा ज्यांना माहीत होतं ते बहुतेक मेले होते. जे होते ते गप्प बसले. आजोबा मरेपर्यंत दर शनिवारी हा दगड धुवायचे. मग माझे वडील. मग मी."

"आणि तुमच्यानंतर?"

"माझ्यानंतर पाऊस."

परत येताना जिन्याशी त्यांनी बादली माझ्या हातातून घेतली. "हे मी कुणाला सांगितलेलं नाही, केदगी. तू इथली नाहीस, म्हणून तुला सांगितलं." त्यांनी ते मायेने म्हटलं होतं, हे आज मला स्वच्छ कळतं. पंधराव्या वर्षी त्यातला फक्त पहिला भाग माझ्या कानात राहिला. तू इथली नाहीस. शाळेत हे मी रोज ऐकत होते, कुणी दुष्टपणे म्हणत नव्हतं, सहज म्हणायचे, आणि आता तेच मला त्या घरात, त्या बादलीसकट ऐकायला लागलं.

नोव्हेंबरातल्या एका रविवारी इथे युद्धात मेलेल्यांचं स्मरण करतात. त्या वर्षी आमच्या इतिहासाच्या सरांनी, हेर ब्रांट त्यांचं नाव, ठरवलं की स्मारकावरच्या नऊ नावांसाठी वर्गातल्या नऊ मुलांनी माहिती शोधायची आणि त्या दिवशी सगळ्या गावासमोर वाचायची. मी हात वर केला. पुढच्या बाकावरची यूलिया मागे वळून म्हणाली, "हिला कशाला? हिचं इथे कोण मेलंय?" वर्ग हसलासुद्धा नाही, इतकं ते सगळ्यांना बरोबर वाटलं. सर म्हणाले, ती एब्नरांच्या घरात राहते, तिला कोनराड द्या.

बाकी आठ जणांना चर्चच्या वहीत जन्म आणि बाप्तिस्मा यापलीकडे काही सापडलं नाही. एक सुतार होता, एक विणकर, बस. आणि माझ्याजवळ हे. मी तीन रात्री झोपले नाही, असं लिहिलं तर ते खोटं होईल; मी छान झोपले. मला एवढंच दिसत होतं की मी वाचतेय आणि यूलिया ऐकतेय. बुधवारी तास संपल्यावर मी सरांना सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा काढला. म्हणाले, हे फार मोठं आहे, हे कुणीतरी एकदा सांगायलाच हवं होतं, आणि असा माणूसही युद्धाचाच बळी. मग त्यांनी विचारलं, "फ्राऊ एब्नरना विचारलंस ना? त्यांची परवानगी आहे?"

"या," मी म्हणाले.

जर्मनमधला होकाराचा एवढासा शब्द. आता मी एश्बॉर्नच्या ऑफिसात दिवसभर लोकांशी बोलताना तो शंभरदा म्हणते. माझी मुलगी मराठीत विचारलेल्या कुठल्याही प्रश्नाला तोच देते. या, मामा, म्हणजे हो, आई. या, गेनाऊ, म्हणजे हो, अगदी बरोबर. कधीकधी तो माझ्याच तोंडून निघताना मला ऐकू येतो आणि मग पुढचं वाक्य सुचत नाही.

त्या रविवारी भुरभुर पाऊस होता. गावातले पितळी वाद्यवाले, गणवेशातले फायर ब्रिगेडवाले, मेयर, पाद्री, सगळे मिळून दीडशे माणसं असतील. आई ठेवणीतली जांभळी साडी नेसली होती, वरून बाबांचा जाड कोट. तिने आदल्या दिवशी मला विचारलं होतं, काय वाचणार आहेस, आणि मी म्हटलं होतं, एब्नरआजींच्या घरातल्या एका सैनिकाबद्दल. "बरं झालं, त्यांना किती बरं वाटेल," ती म्हणाली. ती आजींचा हात धरून पहिल्या रांगेत उभी होती, स्वतः भिजत होती आणि छत्री पूर्ण आजींवर धरली होती.

पाचवा नंबर माझा. मी वाचायला लागले. कोनराड एब्नर लढाईत पडला नाही. तो घरी आला होता. माझा उच्चार त्या दिवशी निर्दोष होता. मी एकदाच वर बघितलं. आई माझ्या प्रत्येक वाक्याला मान डोलावत होती, तिच्या वर्गातल्या एखाद्या मुलीने कविता न अडखळता म्हणावी तशी. आणि तिच्या शेजारी एब्नरआजी समोर दगडाकडे बघत होत्या. गवत, अकरा दिवस, दुधाचं भांडं. 'सख्ख्या भावाने' हा शब्द मी वाचला तेव्हा त्यांनी आईच्या हातातून आपला हात काढून घेतला. झटकला नाही, सावकाश काढून घेतला आणि कोटाच्या खिशात घातला. आईला वाटलं असावं, त्यांना थंडी वाजतेय, कारण तिने छत्री आणखी खाली धरली. माझं वाचून झालं. मग आईने टाळी वाजवली, दोनदा, आणि कुणीच वाजवत नाही हे बघून हात तसेच एकमेकांवर धरून ठेवले.

पुढची चार नावं कोण वाचत होतं मला आठवत नाही. ती संपायच्या आत एब्नरआजी वळल्या आणि माणसांमधून वाट काढत निघाल्या. लोक बाजूला सरून त्यांना जागा करून देत होते. आपल्याच गावातल्या बाईला इतकी जागा करून देत नाहीत. आई दोन पावलं त्यांच्या मागे गेली आणि थांबली. नंतर मेयर माझ्याशी हात मिळवायला आले. यूलियाच्या आईने मला मिठी मारली. घरी येताना आईने विचारलं, "केतकी, काय वाचलंस तू?" मी बाबांकडे बघितलं. बाबांना सगळं कळलं होतं. त्यांनी सांगितलं. "पण सरांनी त्यांना विचारलं असेल ना?" आई म्हणाली. मी काहीच बोलले नाही आणि आईने ते हो समजून घेतलं.

त्या संध्याकाळी चार वाजताच सहा रोलाडेन खाली आले.

त्यांनी आम्हाला घर सोडायला सांगितलं नाही. भांडल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी जिन्यात भेटल्या तेव्हा मला म्हणाल्या, "आपण जरा दार लावून घ्याल का?" आपण. जर्मनमध्ये तो शब्द 'झी', परक्या माणसासाठी. दोन वर्षं त्या मला 'तू' म्हणत होत्या. आपल्याकडे अहोजाहो केलं की मान दिला असं होतं. मला त्या एका शब्दाने जिन्यातच परकं केलं. आई रोज काहीतरी करून खाली न्यायची, शिरा, घावन, एकदा तर तिने एकटीने क्लोझे केले. ताटली दुसऱ्या दिवशी पायरीवर असायची. घासलेली, पुसलेली, रिकामी.

गाव मात्र बोलत होतं. स्थानिक पेपरात ते छापून आलं. एकाने पत्र लिहिलं की पळपुट्याचं नाव शूरांच्या यादीतून खोडावं. दुसऱ्याने लिहिलं, खोडू नका, खाली खरं काय ते सांगणारी पाटी लावा. कुणीतरी बेकरीत आजींना विचारलं की त्यांचं काय मत आहे; त्यानंतर त्या बेकरीत गेल्या नाहीत. वसंतात शेवाळ अक्षरांत परत चढलं. एका शनिवारी मी एकटीच बादली घेऊन गेले आणि आठ नावं घासली. पाचव्यापाशी हात धजावला नाही. परत आले तर त्या खिडकीत उभ्या होत्या. सोमवारी तळघराच्या दाराला कुलूप होतं आणि बादली आत.

आईने त्या वर्षी संध्याकाळच्या जर्मन वर्गाला नाव घातलं. बाबांना वाटलं, नोकरीसाठी. मलाही तसंच वाटलं, जोपर्यंत मी तिच्या वहीत मी वाचलेला तो कागद बघितला नव्हता. ती एकेक शब्द डिक्शनरीत शोधून त्यावर पेन्सिलीने मराठी लिहीत होती. एकदा मला हाक मारली. "फेराटन म्हणजे काय गं? यात दोन अर्थ दिलेत. गुपित सांगणं आणि दगा देणं. इथे कुठला घ्यायचा?" मी म्हटलं, मला अभ्यास आहे. ती खरंच विचारत होती, मास्तरीण होती ती, तिला टोमणे मारता येत नसत.

पुढच्या हिवाळ्यात एब्नरआजी बागेत पडल्या, खुब्याचं हाड मोडलं, आणि दवाखान्यातून त्या परत घरी आल्याच नाहीत. वृद्धाश्रमात गेल्या. लांबच्या कुणा नातेवाइकाने घर विकायला काढलं आणि आम्ही एर्लांगेनला फ्लॅटमध्ये आलो. आई दर गुरुवारी दोन बस बदलून त्यांना भेटायला जायची. पहिल्या वेळी त्यांनी तिला बघून तोंड फिरवलं. दुसऱ्या वेळीही. तिसऱ्या वेळी आईने आपल्या मोडक्यातोडक्या जर्मनमध्ये वाक्य पाठ करून नेलं होतं: मला त्या दिवशी काही समजलं नव्हतं, मी टाळ्या वाजवल्या, मला लाज वाटते. त्या म्हणाल्या, "ब्रदीबा, बस." हे आईने मला सांगितलं नाही, बाबांना सांगताना मी ऐकलं. मी येऊ का, असं मी कधी विचारलं नाही आणि तिने कधी चल म्हटलं नाही.

फेब्रुवारीतल्या एका गुरुवारी ती म्हणाली, "आज तू ये. त्यांनी बोलावलंय."

आई खाली स्टॉपवर थांबली, मी एकटी वर गेले. खोलीत उकडलेल्या कोबीचा वास होता. त्या खिडकीजवळ खुर्चीत होत्या, अगदी लहान झालेल्या, पांघरुणावर हात. मी वाटेत वाक्यं जुळवली होती. तोंडातून निघालं फक्त "एन्टशुल्डिगुंग." बसमध्ये कुणाला धक्का लागला तरी म्हणतात तोच शब्द. त्या भाषेत मला दुसरा सापडला नाही.

"आपण चांगलं वाचलंत," त्या म्हणाल्या. "एकदाही अडखळला नाहीत."

मी रडायला लागले. त्यांनी मला रडू दिलं.

"मी तुम्हाला का सांगितलं, माहीत आहे? माझ्यानंतर कुणाला तरी ते माहीत असावं म्हणून. मी मेल्यावर तुम्ही सांगितलं असतं तर मला चाललं असतं. मी म्हातारी होते. फार वाट बघावी लागली नसती." "मी फक्त तो दगड घासायचे. तुम्ही मला त्याच्यापुढे उभं केलंत, आणि सगळं गाव माझ्याकडे बघत होतं, मीच जाऊन शिपायांना सांगून आल्यासारखं."

नर्स जेवण घेऊन आली. त्यांनी चमचा हातात घेतला आणि मला म्हणाल्या, "जा आता. तुमची आई थंडीत उभी आहे."

आई खरंच उभी होती. स्टॉपवर बाक होता, पण ती बसली नव्हती. "काय म्हणाल्या?" तिने विचारलं. मी सगळं सांगितलं, त्यांचा शब्द न शब्द, आणि मग, कशी कोण जाणे, मी तेही सांगितलं जे सव्वा वर्ष सांगितलं नव्हतं: की सरांनी परवानगी घेतली नव्हती, त्यांनी मला विचारलं होतं, आणि मी हो म्हणाले होते. आईने माझ्याकडे बघितलं. ती आता रागावेल, निदान का असं विचारेल, म्हणून मी वाट बघत राहिले. तेवढ्यात बस आली. आई आधी चढली, खिडकीशी बसली आणि शेजारच्या सीटवर आपली पर्स ठेवली. बसमध्ये आमच्याशिवाय कुणी नव्हतं. एर्लांगेन येईपर्यंत मी दांडी धरून उभी राहिले.